ट्रायक बदलला तरी स्पॉट कमी-जास्तच: स्पॉट वेल्डरच्या कंट्रोल सर्किटमधला परत परत येणारा दोष

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आणि खाडीपलीकडे रबाळे-महापेच्या गाळ्यांतून ई-स्कूटरचे व सोलर दिव्यांचे लिथियम पॅक बांधणाऱ्यांकडे निकेलची पट्टी क्षणभराच्या मोठ्या करंटने सेलला जागोजाग (स्पॉट-स्पॉटने) चिकटवणारे जे ट्रान्सफॉर्मरवाले स्पॉट वेल्डर असतात, ते दुरुस्तीला येताना बहुधा एकच तक्रार घेऊन येतात. सेटिंगला कोणी हात लावलेला नसतो, निकेल पट्टीचे बंडल तेच असते, कारागीरही तोच असतो. तरीही ओळीने दहा-बारा स्पॉट उत्तम बसतात, मग एखादा नखाने उचकटून येतो आणि त्याच्या पुढचा पट्टीला आरपार भोक पाडतो. कधी सकाळच्या पहिल्याच स्पॉटला एमसीबी पडतो, कधी संध्याकाळी डिस्प्ले क्षणभर विझून मशीन आपोआप नव्याने सुरू होते, आणि क्वचित पेडलवर पाय नसतानाही स्पॉट सुटतो. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे ट्रायक, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची मेन चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बदलणे. नवा ट्रायक बसला की मशीन काही दिवस मुकाट्याने चालते, मालक निर्धास्त होतो, आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

अशा मशीनमधून काढून टाकलेला जुना ट्रायक तपासला तर तो बहुतेक वेळा धडधाकट निघतो. दोष असतो तो त्याच्या गेटला (त्याला चालू करणाऱ्या पिनेला) मिळणाऱ्या आज्ञेच्या वेळेत, आणि ती आज्ञा देणाऱ्या सर्किटच्या सप्लायमध्ये. नव्या ट्रायकने हा दोष काही काळ झाकला जातो, कारण गेटची संवेदनशीलता आणि लॅचिंग करंट (ट्रायक चालू होऊन चालूच राहायला लागणारा किमान करंट) नगागणिक थोडे वेगळे असतात. म्हणून ट्रायक, त्याहून मोठा ट्रायक, मग मोठा ट्रान्सफॉर्मर या क्रमाने खर्च वाढवत नेण्यापूर्वी पुढे दिलेली तपासणी करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सर्व विवेचन २३० व्होल्टच्या प्रायमरीत ट्रायक घालून मोठा ट्रान्सफॉर्मर चालू-बंद करणाऱ्या मशीनला लागू आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरची हाय-व्होल्टेज वाइंडिंग काढून त्या जागी जाड केबलचे दोन-तीन वेढे घालून बनवलेले घरगुती वेल्डरही याच जातीचे असतात. कारच्या बॅटरीवर किंवा सुपरकपॅसिटरवर मॉस्फेटच्या रांगेने चालणाऱ्या वेल्डरची दुखणी निराळी असतात आणि त्यांचा विचार येथे केलेला नाही.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ट्रायक, त्याचा गेट रेझिस्टर, स्नबर (ट्रायकवरचे व्होल्टेजचे झटके शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) आणि ऑप्टोच्या (कंट्रोलची आज्ञा प्रकाशातून मेनच्या बाजूला पोचवणाऱ्या चिपच्या) ४ व ६ क्रमांकाच्या पिना ही सारी बाजू थेट मेनवर असते. स्कोपची (ऑसिलोस्कोपची) अर्थ क्लिप तेथे लावली तर फेज थेट अर्थला जोडला जातो आणि स्कोप, बोर्ड व कधी माणूसही त्याची किंमत मोजतो. प्लग काढल्यानंतरही स्नबरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, तेव्हा बोर्डाला हात लावण्याआधी तो रेझिस्टरने उतरवावा. उघडलेले मशीन पहिल्यांदा चालू करताना सिरीज लॅम्पमधूनच, म्हणजे मेनच्या वायरीत सिरीजमध्ये बल्ब घालून, चालू करावे. चाचणीसाठी वापरलेला भंगार सेल मेलेला वाटला तरी त्यात ऊर्जा शिल्लक असू शकते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

तांब्याची बाजू आधी

इलेक्ट्रॉनिक्सवर संशय घेण्याआधी सेकंडरीकडचा संशय फेडून घ्यावा. सेकंडरीचे उघडे व्होल्टेज जेमतेम दोन ते तीन व्होल्ट असते आणि करंट काही शे अँपिअर. करंट ६०० अँपिअर धरला तर एक मिलिओहम रोध असलेला सैल किंवा काळवंडलेला लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) एकटाच ०.६ व्होल्ट खातो, म्हणजे हाताशी असलेल्या व्होल्टेजचा पाचवा ते जवळजवळ तिसरा हिस्सा तेथेच जातो. तुलनेसाठी सांगायचे तर २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा एक मिलिओहम होण्यासाठी जवळजवळ दीड मीटर लांबी लागते. लग उघडून, घासून, स्प्रिंग वॉशर घालून पुन्हा आवळणे हे पाच मिनिटांचे काम आहे. इलेक्ट्रोडची टोके दबून पसरली असतील तर ती कानशीने घासून दीड-दोन मिलिमीटर व्यासाची करावीत, कारण टोक पसरले की तोच करंट मोठ्या क्षेत्रफळात विभागला जातो आणि स्पॉट थंड राहतो.

पट्टीचाही प्रश्न असतो. बाजारात शुद्ध निकेलच्या नावाखाली निकेलचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी सहज मिळते. पोलादाचा रोध निकेलच्या सुमारे दुप्पट असल्याने ती कमी करंटलाही चिकटते आणि शुद्ध निकेलसाठी लावलेल्या सेटिंगवर जळते. चुंबकाने परीक्षा करण्यात अर्थ नाही, कारण निकेललाही चुंबक धरतो. पट्टीचा तुकडा ग्राइंडरला लावून पाहावा. पोलाद असेल तर ठिणग्यांचा झोत उडतो, शुद्ध निकेल असेल तर जवळजवळ काहीच उडत नाही. दोन जातींची बंडले मिसळलेल्या गाळ्यात मशीन निर्दोष असूनही तक्रार येत राहते.

दोन एलईडी आणि मोबाइलचा कॅमेरा

येथवर सर्व ठीक असेल तर मुख्य तपासणीकडे वळावे. तिच्यासाठी स्कोप असला तर उत्तमच, पण नसला तरी अडत नाही. एक लाल आणि एक हिरवा एलईडी एकमेकांना उलटे जोडून समांतर करावेत, त्यांच्या सिरीजमध्ये ४७ किलोओहमचे एक वॉटचे दोन रेझिस्टर घालावेत, सारे पारदर्शक नळीत नीट बंद करावे आणि ही जोडी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला समांतर लावावी. मेनच्या एका अर्ध्या सायकलमध्ये लाल पेटतो, दुसऱ्या अर्ध्या सायकलमध्ये हिरवा. आपल्याकडे मेन ५० हर्ट्झची असल्याने प्रत्येक अर्धी सायकल १० मिलिसेकंदांची असते. डोळ्याला हे दिसणार नाही, पण हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० फ्रेमची स्लो-मोशन सोय असते आणि तीत प्रत्येक अर्धी सायकल दोन ते तीन फ्रेमभर दिसते. मशीनवर तीन सायकलची पल्स (एका स्पॉटसाठी दिला जाणारा करंटचा झोत) लावून व्हिडिओ घेतला आणि तो फ्रेम-फ्रेमने पुढे सरकवला की लाल-हिरवा, लाल-हिरवा, लाल-हिरवा असा क्रम यायला हवा.

ही चाचणी दोन प्रकारे करावी. आधी ट्रान्सफॉर्मर सोडवून त्याच्या जागी १०० वॉटचा साधा फिलामेंट बल्ब लावून, आणि नंतर ट्रान्सफॉर्मर परत जोडून, भंगार सेलवर पट्टी ठेवून प्रत्यक्ष स्पॉट मारत. दोष असलेल्या मशीनमध्ये बल्बवर क्रम अचूक येतो आणि ट्रान्सफॉर्मरवर मात्र मध्येच लाल-हिरवा-लाल-लाल असे काहीतरी दिसते, किंवा शेवटचा हिरवा गायब असतो. कित्येक दुरुस्तीवाले केवळ बल्बवर चाचणी घेऊन सर्किट निर्दोष असल्याचा निर्वाळा देतात आणि दोष तसाच परत जातो. खरे तर बल्ब आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यातला हा फरकच निदान सांगतो.

त्याचे कारण असे आहे. बल्ब हा शुद्ध रोध असल्याने त्यातला करंट व्होल्टेजबरोबरच शून्यावर येतो. ट्रान्सफॉर्मरमधला करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, आणि किती रेंगाळतो ते केबल, लग, पट्टीची जाडी व टोकांवरचा दाब यांवर अवलंबून असते. आता मायक्रोकंट्रोलरमधला (कंट्रोल बोर्ड चालवणाऱ्या चिपमधला) प्रोग्रॅम व्होल्टेजच्या शून्यबिंदूवर, म्हणजे व्होल्टेज शून्यातून जाते त्या क्षणी, गेटला शंभर-दोनशे मायक्रोसेकंदांची एक बारीक टिचकी देऊन मोकळा होत असेल, तर त्या क्षणी ट्रायकमधून आधीच्या अर्ध्या सायकलचा करंट अजून वाहतच असतो. टिचकी वाया जाते. मग मिलिसेकंदभराने करंट शून्यावर येतो, ट्रायक बंद होतो, आणि त्याला पुन्हा चालू करायला गेटवर कोणीच नसते. ती अर्धी सायकल गळते. पुढच्या अर्ध्या सायकलला आधीचा करंट शिल्लक नसल्याने टिचकी नीट लागू पडते, आणि अशा तऱ्हेने ट्रान्सफॉर्मरला एकाच दिशेच्या अर्ध्या सायकली मिळू लागतात. एकदिश करंटने कोअर संपृक्त होतो, प्रायमरीचा करंट उसळतो, सेकंडरीला मात्र उष्णता कमी मिळते. स्पॉट कच्चा राहतो आणि एमसीबी पडतो, या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या लक्षणांचे मूळ हे एकच आहे.

शून्यबिंदूवरच चालू होणारा एमओसी३०४१ किंवा एमओसी३०६३ यांसारखा ऑप्टो बोर्डावर असेल तर दुखणे आणखी वाढते. ट्रायकवरचे व्होल्टेज वीसेक व्होल्टच्या वर गेलेले असेल तर हा ऑप्टो चालू व्हायलाच नकार देतो. करंट शून्यावर येऊन ट्रायक बंद होतो त्या क्षणी मेनचे व्होल्टेज त्याहून खूप वर गेलेले असते, त्यामुळे इनपुटला सिग्नल असूनही ऑप्टो पुढच्या शून्यबिंदूपर्यंत गप्प बसतो. हीटरसाठी हा ऑप्टो उत्तम आहे. ट्रान्सफॉर्मरसाठी तो चुकीची निवड आहे.

ऑप्टो, गेट आणि पहिला क्षण

पहिला बदल ऑप्टोचा. एमओसी३०५२ हा कोणत्याही क्षणी चालू होणारा, ६०० व्होल्ट सोसणारा ऑप्टो त्याच सहा पिनांच्या सॉकेटमध्ये जसाच्या तसा बसतो. एमओसी३०२१ स्वस्त आहे, पण तो ४०० व्होल्टचा असल्याने २३० व्होल्टच्या मेनवर, जिथे शिखरच ३२५ व्होल्टचे असते, तो मला जोखमीचा वाटतो. एमओसी३०५२ च्या एलईडीला खात्रीने चालू होण्यासाठी १० मिलिअँपिअर लागतात. बोर्डावर ३३० ओहमचा रेझिस्टर असेल तर पाच व्होल्टच्या सप्लायवर ११ मिलिअँपिअरच्या आसपास मिळतात, म्हणजे सप्लाय जरा खाली आला की हिशेब कोलमडतो. तेथे २२० ओहम घालावा, आणि मायक्रोकंट्रोलरच्या पिनेवर भार नको असेल तर मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घ्यावा.

दुसरा बदल प्रोग्रॅममधला. गेटला टिचकी देण्याऐवजी ऑप्टो प्रत्येक अर्ध्या सायकलभर चालू ठेवावा आणि पल्सच्या अखेरच्या अर्ध्या सायकलमध्ये शून्यबिंदूच्या दोन मिलिसेकंद आधी बंद करावा. ट्रायक एकदा चालू झाला की त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज एक-दीड व्होल्टवर येते आणि गेटकडे जाणारा करंट आपोआप थांबतो, म्हणून ऑप्टो लांब काळ चालू राहिल्याने ३३० ओहमचा गेट रेझिस्टर तापेल ही भीती अनाठायी आहे.

तिसरा बदल पल्सच्या सुरुवातीचा, आणि एमसीबीच्या तक्रारीवर खरा उतारा तोच आहे. दिवा किंवा हीटर शून्यबिंदूवर चालू करणे चांगले, ही सवय ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत उलटी पडते. शून्यबिंदूवर चालू केलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये पहिल्या अर्ध्या सायकलअखेर नेहमीच्या दुप्पट फ्लक्स साठू पाहतो, आणि आधीची शेष चुंबकता त्याच दिशेची असेल तर त्यात तिचीही भर पडते. ही शेष चुंबकता मशीन रात्रभर बंद ठेवल्याने जात नाही. सकाळी शेजारच्या गाळ्यांचा लोड नसल्याने मेनचे व्होल्टेजही चढे असते, म्हणून पहिल्याच स्पॉटला धक्का बसतो. मायक्रोवेव्ह ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा रोध दोन ओहमच्या आसपास धरला तर संपृक्त अवस्थेत शिखराचा करंट दीडशे अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान तत्काळ पडतो, त्यामुळे तो कधी पडतो, कधी नाही, आणि दोष एमसीबीवर जातो. अशा वेळी अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवून मोकळे होणाऱ्यांनी आपल्या गाळ्याच्या वायरिंगचे संरक्षण काढून टाकलेले असते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

उपाय असा की, पल्सची पहिली फायरिंग (ट्रायक चालू करणे) व्होल्टेजच्या शिखराजवळ, म्हणजे शून्यबिंदूनंतर चार ते पाच मिलिसेकंदांनी करावी आणि त्यापुढच्या अर्ध्या सायकली पूर्ण द्याव्यात. त्याचबरोबर पल्स नेहमी धन अर्ध्या सायकलमध्ये सुरू व्हावी आणि नेहमी ऋण अर्ध्या सायकलवर संपावी. असे केले की शेष चुंबकता दर वेळी ऋण दिशेची उरते आणि पुढची धन सुरुवात तिला आधी खोडून मगच पुढे जाते. अर्ध्या सायकलींची संख्या विषम ठेवण्याची मुभा असलेली मशीन बाजारात आहेत. बारीक सेटिंगसाठी ती सोय आकर्षक वाटते, पण तिची किंमत पुढच्या स्पॉटला मोजावी लागते. बारीक सेटिंग हवेच असेल तर ते फायरिंगचा कोन मागे सारून, म्हणजे अर्ध्या सायकलमध्ये ट्रायक उशिरा चालू करून, मिळवावे.

शून्यबिंदू ओळखणारे सर्किट

धन-ऋण ओळखायचे म्हटल्यावर एच११एए१ हा दोन्ही दिशांना चालणारा ऑप्टो उपयोगाचा नाही, कारण तो शून्यबिंदू सांगतो पण दिशा सांगत नाही. साधा पीसी८१७ घ्यावा, मेनकडून ४७ किलोओहमचे एक वॉटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये द्यावेत, आणि ऑप्टोच्या एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड समांतर लावावा. आउटपुटला दहा किलोओहमचा पुल-अप (पिन एरवी वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर) असला की धन अर्ध्या सायकलमध्ये पिन खाली जाते. मेन साधारण ४५-५० व्होल्टवर चढेपर्यंत ऑप्टो पुरता चालू होत नसल्याने ही कडा, म्हणजे पिन खाली जाण्याचा क्षण, खऱ्या शून्यबिंदूनंतर सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाने येते. तेवढे प्रोग्रॅममध्ये वजा करावे.

मूळ बोर्डावर बहुधा छोट्या सप्लाय ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरूनच शून्यबिंदू घेतलेला असतो. स्पॉट सुटताना मेन खचते, तिच्यावर काटे येतात, आणि मायक्रोकंट्रोलर एकाच शून्यबिंदूचे दोन-तीन मोजून बसतो. तीन सायकलची पल्स दीड सायकलमध्ये आटोपते. म्हणून एक वैध कडा आली की पुढचे १८ मिलिसेकंद कोणतीही कडा मानू नये. याहून महत्त्वाचे म्हणजे पल्स एकदा सुरू झाली की कडा मोजणे सोडून द्यावे आणि फक्त टायमरवर चालावे. ग्रिडची फ्रीक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते; म्हणजे १०० मिलिसेकंदांच्या पल्समध्येही पडणारा फरक ०.२ मिलिसेकंदांचा, आणि तो बिनधास्त सोडून देता येतो.

कंट्रोल बोर्डाचा सप्लाय

संध्याकाळी डिस्प्ले विझण्याची तक्रार असेल तर तपास येथून सुरू करावा. अनेक बोर्डांवर सहा व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, डायोडचा ब्रिज, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पाच व्होल्ट स्थिर ठेवणारा ७८०५ रेग्युलेटर असा संच असतो. हिशेब करून पाहा: सहा व्होल्टचे शिखर ८.५ व्होल्ट, त्यातून ब्रिजचे १.४ व्होल्ट वजा केले की ७.१ उरतात, आणि ७८०५ ला आउटपुटच्या वर दोन व्होल्ट लागतात, म्हणजे किमान सात. डिस्प्लेसह बोर्ड १०० मिलिअँपिअर खात असेल तर दोन शिखरांमधल्या १० मिलिसेकंदांत ४७० मायक्रोफॅरडवरचे व्होल्टेज दोन व्होल्टने खाली येते. हलक्या भाराला ट्रान्सफॉर्मर सहापेक्षा जास्त देतो म्हणून हे सर्किट एरवी तग धरते, पण मेन २०० व्होल्टवर आली किंवा उन्हाळ्यात तापून कपॅसिटर आटला की पाच व्होल्टची रेल दर स्पॉटला खचते. ऑप्टोच्या एलईडीचा करंट मग काठावर येतो आणि वर वर्णिलेले सारे दोष पुन्हा डोके वर काढतात. केवळ प्रोग्रॅम सुधारून हे सर्किट तसेच ठेवणाऱ्यांकडे मशीन परत येते ते यामुळे.

नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर हा जुना उपाय पुरेसा आहे. त्याऐवजी १०० ते २४० व्होल्टवर चालणारे पाच व्होल्टचे छोटे आयसोलेटेड मॉड्यूल घातले तर मेन खचण्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त शून्यबिंदू मग पीसी८१७ वरूनच घ्यावा लागतो.

मूळ कंट्रोलरचा प्रोग्रॅम वाचता-बदलता येत नसल्याने बरेच जण तो काढून एटीमेगा३२८पी चा तयार नॅनो बोर्ड बसवतात, आणि ते योग्यच आहे. त्यात दोन खाचखळगे आहेत. एक, बूटलोडर (चिप सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) रीसेटनंतर १३ क्रमांकाची पिन लुकलुकवतो. ऑप्टो त्या पिनेवर असेल तर मशीन चालू करताच आपोआप फायर होते. ऑप्टो दुसऱ्या पिनेवर घ्यावा आणि बीसी५४७ च्या बेसला दहा किलोओहमचा पुल-डाउन द्यावा, म्हणजे पिन अधांतरी असतानाही तो बंद राहील. दुसरा, ब्राउन-आउटची पातळी (सप्लाय ज्याच्या खाली गेला की चिप स्वतःला रीसेट करते ते व्होल्टेज) या बोर्डांवर बहुधा २.७ व्होल्टला ठेवलेली असते, पण १६ मेगाहर्ट्झवर ही चिप पावणेचार व्होल्टच्या खाली भरवशाची नसते. मधल्या पट्ट्यात प्रोग्रॅम काहीही करू शकतो. चिपमधले फ्यूज (प्रोग्रॅमरने बदलायची अंतर्गत सेटिंगे) बदलून ती पातळी ४.३ व्होल्ट करावी.

फूट स्विच

पेडलवर पाय नसताना स्पॉट सुटतो तेव्हा कारागीर घाबरतात आणि ते योग्यच आहे, कारण बोटे इलेक्ट्रोडखाली असू शकतात. पेडलची दोन मीटरची जोडवायर वेल्डिंग केबलच्या शेजारून नेलेली असेल तर काही शे अँपिअरच्या चढ-उताराने तिच्यात व्होल्टेज उमटते, आणि चिपमधला २० ते ५० किलोओहमचा अंतर्गत पुल-अप ते दाबू शकत नाही. बाहेरून एक किलोओहमचा पुल-अप द्यावा, पिनेआधी एक किलोओहम आणि एक मायक्रोफॅरडची गाळणी घालावी, वायर पिळलेली आणि वेगळ्या वाटेने न्यावी. या पुल-अपचा आणखी एक फायदा आहे. खाडीकाठच्या दमट हवेत पेडलच्या कॉन्टॅक्टवर काळा थर धरतो. अंतर्गत पुल-अपचा पाव मिलिअँपिअर तो भेदू शकत नाही, पाच मिलिअँपिअर भेदतात. प्रोग्रॅममध्ये पेडल ३० मिलिसेकंद स्थिर दाबलेले दिसल्यावरच फायर करावे आणि पाय उचलल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरी पल्स मुळीच देऊ नये. दुहेरी स्पॉटची तक्रार याने संपते.

ट्रायक शॉर्ट झाला तर

ट्रायक निकामी होतो तेव्हा तो बहुधा शॉर्ट होतो. म्हणजे करंट थांबतच नाही, पट्टी लालबुंद होते आणि धन टोकाजवळचे इन्सुलेशन जळून सेल आतून शॉर्ट होण्याची वेळ येते. इतक्या मशीनमध्ये यावर काहीच बंदोबस्त नसतो याचे मला नवल वाटते. प्रायमरीत ट्रायकच्या सिरीजमध्ये एक कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) घालावा. पेडल दाबल्यावर आधी कॉन्टॅक्टर ओढावा, मग प्रायमरीवरच्या दुसऱ्या एका पीसी८१७ ने ४० मिलिसेकंद पाहावे. ट्रायकला आज्ञा न देताच तेथे व्होल्टेज दिसले तर कॉन्टॅक्टर लगेच सोडून मशीन कुलूपबंद करावे. दिवसाचे काम सुरू करताना ही चाचणी इलेक्ट्रोड मोकळे ठेवून एकदा आपोआप व्हावी. शिवाय मायक्रोकंट्रोलर अडकला तरी कॉन्टॅक्टर सुटावा म्हणून त्याच्या कॉइलचा मार्ग अर्ध्या सेकंदाच्या स्वतंत्र ५५५ टायमरमधून न्यावा. कॉन्टॅक्टर करंट नसताना लागतो आणि करंट नसताना सुटतो, त्यामुळे त्याचे पॉइंट जळत नाहीत.

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून आणणाऱ्यांसाठी एक परीक्षा. बीटीए४१-६००बी या ट्रायकचा धातूचा भाग आतून इन्सुलेटेड असतो, तर बीटीबी४१ चा धातू ए२ टोकाला जोडलेला असतो. खोडून नवे नाव छापलेले नग मिळतात, म्हणून धातू आणि मधली ए२ पिन यांच्यात मल्टिमीटर लावून पाहावा. कंटिन्युइटी मिळाली तर तो नग परत करावा. तसाच हीटसिंकवर बसवला तर हीटसिंक थेट २३० व्होल्टवर येईल. स्नबरला १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ कपॅसिटर घ्यावा. वापराने त्याची धारिता घटते, तेव्हा जुना असल्यास मोजून बदलावा. पावसाळ्याआधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून, त्यावर वॉर्निशचा हात द्यावा.

यानंतर एलईडीचा क्रम प्रत्येक स्पॉटला अचूक यायला लागतो. तरीही दुपारचे आणि रात्रीचे स्पॉट वेगळे वाटत असतील तर तो मेनच्या व्होल्टेजचा खेळ असतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने शेजारचा कॉम्प्रेसर चालू होऊन २३० चे २१० झाले की ती सुमारे १७ टक्के घटते. मघाशी काढलेला सहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर टाकून न देता तो फक्त मेन मोजण्यासाठी वापरावा, त्याचे आउटपुट डायोड व डिव्हायडरमधून अ‍ॅनालॉग पिनेला द्यावे, आणि पल्सआधीच्या वाचनावरून फायरिंगचा कोन ठरवावा. सेटिंग मात्र २१० व्होल्टला, पूर्ण सायकलीवर बसवावे आणि व्होल्टेज चढेल तशी फायरिंग उशिरा करत न्यावी, कारण पूर्ण सायकलीच्या वर वाढवायला काही उरत नाही. दोन-तीन व्होल्टच्या फरकासाठी या दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. टोके झिजल्याने पडणारा फरक त्याहून मोठा असतो.